आमच्या गाडीचं पिणं

जिन्याखालच्या कोनाड्यात दारूचे डबे सापडले तेव्हा मी पहिल्यांदा आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. दुसरीकडे कुठे पाहणार? घरात पुरुष दोन. त्यातला एक मी जन्माला घातलेला, तो असलं काही करणार नाही. राहिला तो दुसऱ्या कुणी तरी जन्माला घातलेला.

डबे म्हणजे साधेसुधे नव्हेत. निळे, जाड प्लास्टिकचे, कडीला धरून उचलायला दोन हात लागावेत एवढे. मी गेले होते जुना खराटा शोधायला. एका डब्याचं सील तुटलेलं दिसलं म्हणून झाकण फिरवलं, नाक खाली नेलं आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. माझ्या नाकाची चूक होत नाही. उद्या नासणारं दूध मला आज कळतं. आणि हा वास तर मी स्वतः आमच्या गल्लीतून हाकलून लावलेला वास.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पेट्रोल पंप आहे. त्याला लागून दारूचं दुकान होतं. होतं म्हणते मी. ते आम्ही बायकांनी बंद पाडलं, आणि आम्ही बायकांनी म्हणजे कुणी, ते गल्लीत कुणालाही विचारा. न विचारता सुद्धा सांगतील. लोक मागून मला हवालदारीणबाई म्हणतात. समोरून म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

तर तेव्हा आमच्या बायकांच्या मंडळाची एक रीत होती. घरात बाटली सापडली तर फोडायची नाही. फोडली की आवाज होतो, शेजारी जमतात, आणि नवरा दुसरी आणतो ती ईर्ष्येनं आणतो. आपण गुपचूप बाटली मोरीत रिकामी करायची, तेवढंच पाणी भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि होती तिथे ठेवून द्यायची. संध्याकाळी पिणारा पाणी पितो. ओरडणार कुणावर? ओरडला की कबूल केल्यासारखं. माणूस आतल्या आत सुकत जातो. ह्या रीतीनं आमच्या गल्लीतले कितीतरी संसार सावरले. कोपऱ्यावरच्या शिंप्याची तब्येत तर इतकी सुधारली की तो दिवसभर घरात लक्ष घालायला लागला, आणि त्याची बायको माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, थोडी राहू दिली असती तरी चाललं असतं."

ती रीत आता माझ्याच घरात वापरायची वेळ यावी! पण मी डगमगणारी नाही. ज्या डब्यांची सीलं शाबूत होती तीही कातरीच्या टोकानं हलकेच उचलली, सगळे डबे एकेक करून मोरीत ओतले, नळाखाली भरले, सीलं पुन्हा दाबून बसवली आणि रांग होती तशी लावली. मोरीतून असा काही भपका सुटला की भिंतीवरचा बोका उठून पलीकडच्या घरी राहायला गेला.

त्या संध्याकाळी मी ह्यांच्यावर नजर ठेवली. हे पेपर वाचत होते. फार शांतपणे वाचत होते. निरपराध माणूस इतक्या शांतपणे वाचत नाही.

"काय गं, अशी काय बघतेस?"

"काही नाही. पाणी हवंय का प्यायला?"

"नको."

"बघा हं. आज घरात भरपूर आहे."

ह्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला. इतक्या वर्षांच्या संसारात हे एक ह्यांना छान जमलंय.

सकाळी मुलगा ते डबे उचलून बाहेर नेताना दिसला.

माझा मुलगा गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीचं काम बघतो. आठवडाभर आधी त्यानं तिथली एक नवीन गाडी घरी आणली होती. कंपनीनं त्याला फिरवायला दिली होती, लोकांनी पाहावी म्हणून. लोकांनी पाहिलीही. मी सगळ्या खिडक्या पुसून ठेवल्या होत्या. आता तो डब्यातलं गाडीत ओतताना दिसला तेव्हा मला वाटलं, इंजिनाला पाणी घालतोय. गाडीला पाणी लागतं एवढं मला कळतं. आणि पाणीच होतं ते, म्हणजे मी पाहिलं ते काही चुकीचं पाहिलं नाही. पण ह्यांच्या दारूला हा का हात लावतोय, हा विचार डोक्यात येईपर्यंत गाडी निघून गेलीसुद्धा.

थोड्या वेळानं समोरची गॅलरीतून ओरडली. समोरची म्हणजे आमच्या समोरच्या घरात राहते ती. तिला नाव आहे, पण मी ते घेत नाही. दुकान बंद पाडलं तेव्हा वर्तमानपत्राच्या फोटोत ती मधोमध उभी राहिली आणि मी अर्धी कापली गेले, तेव्हापासून.

"अहो, तुमच्या मुलाच्या गाडीला उचकी लागलीय बघा! पंपासमोर आडवी पडलीय!"

मी पदर सावरून धावले. गाडी बरोबर पंपाच्या तोंडाशी आडवी उभी. मागे एक टँकर भोंगा वाजवतोय, त्याच्यामागे आणखी गाड्या. गाडीत मागच्या सीटवर एक बाई ताठ बसलेली, टोकदार बूट, मांडीवर कॉम्प्युटर. ती कंपनीच्या मुख्य कचेरीतून आलेली मॅडम. आणि पंपाचा मालक दोन्ही हात कमरेवर ठेवून हसतोय.

पंपावरच्या मेकॅनिकनं गाडीखाली शिरून टाकीतलं थोडं भांड्यात काढलं, वास घेतला, बोट बुडवलं आणि म्हणाला, "साहेब, हे पाणी आहे. नळाचं."

माझा मुलगा पांढराफटक पडला. "डबे तर घरात होते. सीलबंद. घरात कोण..." आणि तो थांबला. मी पुढे झालेच होते. लपायची आमच्या घराण्यात रीत नाही.

"ओतले मी."

"आई! कुठे?"

"मोरीत. जिथे ओतायला हवेत तिथे. आणि तुझ्या वडिलांनी आणलेल्या दारूला तू कशाला हात लावलास?"

"बाबांनी? अगं ते माझे डबे! आणि ती दारू नव्हती!"

"मला शिकवतोस? दारूचा वास? मला?"

तेवढ्यात मॅडम गाडीतून उतरली आणि गोड आवाजात म्हणाली, "काकू, ते इथेनॉल होतं. तसं रसायन म्हणून बघितलं तर दारूच, पण ते गाडीचं इंधन असतं."

त्यातलं 'दारूच' एवढं माझ्या कानात गेलं. पुढचं बाहेर राहिलं.

"म्हणजे गाडी पिते?"

"हो, म्हणजे, त्यावरच चालते."

"रोज?"

"जेवढी चालवू तेवढी."

मी मुलाकडे वळले. "आणि तू तिला पाजतोस."

पंपाचा मालक हसता हसता खुर्चीवर बसला. मॅडमला म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाडीला घरातच विरोध आहे. मी टाकी कुणासाठी पुरू?"

आता हे टाकीचं काय ते मला घरी आल्यावर कळलं, आणि तो दुसरा धक्का. पहिल्यातून मी अजून पुरती उठले नव्हते.

मुलगा म्हणाला, कंपनीनं फक्त इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या काढल्यात. शोरूममध्ये त्या कापडाखाली झाकून उभ्या आहेत. येणारा प्रत्येक जण गाडी बघतो, दार उघडतो, मिटतो आणि विचारतो, भरायचं कुठे? पंपवाल्याकडे जावं तर तो विचारतो, गाड्या कुठे आहेत? म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही आणि पाण्यात उतरल्याशिवाय पोहायला शिकायचं नाही, असा कारभार. शेवटी कंपनीनंच ठरवलं, जमिनीखालची टाकी आम्ही आमच्या खर्चानं देतो, पंपवाल्यानं फक्त हो म्हणावं. तेवढ्यासाठी ती मॅडम आली होती. गाडीत बसवून पंपावर न्यायचं, गाडी कशी झोकात चालते ते दाखवायचं, आणि त्याचा होकार घ्यायचा.

"आणि होकार नाही मिळाला तर?" मी विचारलं.

"तर ह्या महिन्याअखेरीला शोरूम इथून हलणार. लांबच्या शहरात एक पंपवाला तयार आहे, तिकडे. मलाही जावं लागेल."

"तुलाही म्हणजे?"

सून भांडी पुसत होती. एकच वाटी ती फार वेळ पुसत होती. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालेलं होतं.

नात आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. मी लहानपणी शाळेत गेले ती थोडीच. घरात धाकटी भावंडं आली आणि माझी पाटी फळीवर गेली. आता नात मला रोज तिच्या पुस्तकातला धडा वाचून दाखवते, मग माझ्याकडून वाचून घेते. ती तिसरीत, म्हणजे मीही तिसरीत. मी अडखळले की ती छडी नसलेल्या हातानं टेबलावर टकटक करते. हे घरात कुणाला माहीत नाही. आम्ही दार लावून बसतो आणि लोकांना सांगतो की मी तिचा अभ्यास घेते.

मी मुलाला म्हटलं, "जायचं तर जा. कपाटं रिकामी होतील तेवढीच."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केस नीट बांधून पंपावर गेले.

"मावशी, तुम्ही?" पंपाचा मालक उठून उभा राहिला. "माझ्या भावाचं दुकान बंद करायला आला होतात, तेव्हा याच खोलीत बसला होतात."

हो, ते सांगायचं राहिलं. दारूचं दुकान त्याच्या धाकट्या भावाचं.

"बसले नव्हते. उभी होते. तुम्ही खुर्ची दिली नव्हती."

"आज देतो, बसा. पण सांगा, त्याची दारू वाईट आणि तुमच्या मुलाची चांगली, हे कसं?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते मला घरी परतताना सुचलं. तिथे मी एवढंच म्हटलं, "टाकी पुरणार की नाही?"

"पुरतो की. पण परवानगी अबकारी खात्याची लागते. मी त्या कचेरीची पायरी चढणार नाही. भावाच्या वेळी चढून झाल्यात सगळ्या. तुम्ही परवानगी आणा, मी त्याच दिवशी खड्डा खणतो." आणि तो हसला. माणसं असं हसली की मला ते काम करावंच लागतं. माझ्या आयुष्यातली निम्मी कामं मी कुणाच्या तरी हसण्यावरून केली आहेत.

अबकारी कचेरी म्हणजे लांबच लांब व्हरांडा, भिंतीला टेकलेली बाकं आणि त्यावर कुणाची तरी वाट पाहणारी माणसं. सगळी दारूच्या धंद्यातली. त्यांच्यात मी, हातात कापडी पिशवी. एकानं सरकून जागा दिली आणि आपुलकीनं विचारलं, "तुमचं देशी की विलायती?" मी उभीच राहिले.

खिडकीतला कारकून डबा खात होता. "बोला आजी."

आजी मी माझ्या नातीची. पण काम होतं, गिळलं.

"इथेनॉलचा पंप काढायचाय."

घास थांबला. "तुम्हाला?"

"आमच्या गल्लीला."

त्यानं पत्ता विचारला, कॉम्प्युटरवर दोन बोटांनी काहीतरी ठोकलं आणि मान हलवली. "नाही जमणार. त्या गल्लीत मद्यार्काच्या जातीचं काहीही विकायला बंदी आहे. बायकांच्या मागणीवरून लागलीय. मी नवीन होतो तेव्हा. कुणी तरी एक फार भांडकुदळ बाई होती म्हणे, साहेबांना घामटं फुटलं होतं."

"भांडकुदळ नव्हती. मुद्द्याचं बोलत होती."

"ओळखता का तुम्ही?"

"चांगली ओळखते."

"मग तिलाच गाठा," तो डबा पुढे ओढत म्हणाला. "त्या बायकांनीच माझ्यासमोर हात वर करून सांगितलं पाहिजे की ह्या पंपाला आमची हरकत नाही. अर्ध्याहून जास्त हात. आणि एक सांगतो आजी, असलं काही घरात साठवू नका. गुन्हा आहे."

"आमच्या घरात फक्त पाणी आहे," मी म्हटलं. आणि हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा ते खरे होते.

मी घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली. ती कशी पोहोचते हे मला कधीच कळलेलं नाही. मी तर रिक्षानं आले होते. शिंपी दुकानातून उतरून रस्त्यात आला. एवढ्या वर्षांत तो मला बघून आत जायचा, आज त्यानं दोन्ही हात जोडले. "बाई, चूक झाली, आम्ही तुम्हाला ओळखलंच नाही. नळी कधी बसणार?" न्हाव्याच्या दुकानातली माणसं उठून उभी राहिली. एक जण मागून कुजबुजला, "आपली भांडी आपणच न्यायची का?"

सल्ल्यांना तर ऊत आला. निवृत्त मास्तर म्हणाले, दारू घर धुऊन नेते, तशी गाडीचं इंजिन धुऊन नेणार, पाहा. वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटानं पंपाच्या ह्या अंगाला राहणाऱ्यांचा वेगळा विमा काढायला सांगितलं. नणंदेनं फोन करून विचारलं, गाडी इतकी पिते तर रस्त्यानं सरळ जाते ना? आणि आमच्या मंडळातल्या बायका? त्या मला बघून भाजीच्या गाडीवर वाकायच्या. भाजी संपली असली तरी वाकायच्या. समोरचीनं गॅलरीत चादर झटकता झटकता साऱ्या गल्लीला ऐकवलं, "म्हातारपणी माणसं बिघडतात म्हणतात ते खोटं नाही हो!"

आणि त्याच आठवड्यात आमच्या घरावर धाड पडली.

मी हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. आमच्या घरावर. धाड. भरदुपारी अबकारीचे दोन निरीक्षक दारात उभे. हे बनियनवर होते. ह्यांना वाटलं कुणी ओळखीचे आलेत. "या या, बसा," म्हणाले, "चहा घेणार?"

"घरात अवैध साठा असल्याची खबर आहे."

खबर कुणी दिली ते मला माहीत नाही. समोरच्या खिडकीचा पडदा हलत होता एवढं मात्र मी पाहिलं.

मी म्हटलं, "खुशाल बघा. काही सापडलं तर माझं नाव बदला." आणि स्वतः पुढे होऊन त्यांना जिन्याखाली नेलं. तिथे निळ्या डब्यांची रांग उभी! नवी! गाडी दुरुस्त झाल्यावर मुलानं पुन्हा आणून ठेवलेली, मला न सांगता. आणि प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी: 'आई, हे ओतू नकोस.'

निरीक्षकानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. तोवर दाराशी गल्ली जमली होती.

"आजी, म्हणजे बाकीच्या वेळी तुम्हीच ओतता?"

"मी मोरीत ओतते!"

"एवढी सगळी?" त्यानं सहकाऱ्याकडे पाहिलं. "रोज?"

डबे एकेक करून जिन्याखालून दारापर्यंत आणि दारातून निरीक्षकांच्या गाडीत गेले. मी भिंतीला धरून उभी. ज्या बाईनं गल्लीतली दारू घालवली, तिच्या घरातून दारू निघतेय आणि शिंपी डबे उचलायला मदत करतोय! मॅडमनं कचेरीत जाऊन कागद दाखवले तेव्हा प्रकरण मिटलं, पण सक्त ताकीद मिळाली: यापुढे एकही डबा कुणाच्या घरात किंवा गाडीत दिसला तर सरळ खटला. म्हणजे आता गाडीही उपाशी. ती दारासमोर धूळ खात उभी राहिली.

हे मात्र खुशीत होते. रात्रीच्या जेवणाला बसताना म्हणाले, "एवढी वर्षं माझ्यावर डोळा ठेवलास. धाड आली ती तुझ्यामुळे." आणि कधी नव्हे ते आणखी भात मागून घेतला.

महिना संपत आला होता. मुलाच्या खोलीत रिकामी खोकी येऊन पडली. नात एका खोक्यात बसून धडा वाचायला लागली, आणि मी त्या दिवशी वाचायला बसले नाही. डोळे दुखतात म्हणून सांगितलं.

पंपामागच्या पत्र्याच्या खोलीत सभा ठरली. कारकून आला, मॅडम आली, पंपाचा मालक मजा बघायला दारात उभा राहिला. बायका आल्या त्या मात्र लढायला आल्या. मॅडमनं भिंतीवर चित्रं दाखवली. मक्याचं कणीस, त्यातून थेंब, थेंबातून गाडी. सगळ्याच गाड्यांच्या कंपन्यांना आता असे पंप वाढायला हवे आहेत, म्हणाली. परदेशातून तेल कमी आणावं लागेल, धूर कमी होईल. चांगलं बोलत होती, पण बायकांचं लक्ष थेंबाकडे.

"ते नळीतून पेल्यात पडलं तर?" शिंप्याच्या बायकोनं विचारलं.

"कुणी पिऊच शकणार नाही," मॅडम म्हणाली. "त्यात मुद्दाम घाण मिसळलेली असते. प्यायलं तर माणूस आंधळा होईल, मरेलसुद्धा."

ही मॅडम बिचारी हुशार होती, पण कुठे थांबावं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"अगं बाई! म्हणजे विष?"

"गल्लीच्या तोंडाशी?"

"आधी नुसते पीत होते, आता मरणार!"

पत्रे वाजायला लागले. कारकून दाराकडे सरकला. मी उठले. मी घरी भाषण जुळवून आणलं होतं. त्यात देश होता, प्रगती होती, पुढची पिढी होती. तोंड उघडलं आणि समोरची उभी राहिली.

"ते असू दे. एवढंच सांगा बाई, ह्यात तुम्हाला काय मिळतं? आमच्यापुढे उभं राहून दुकान बंद पाडलंत, आणि आता त्याच जागेवर हे. कंपनीनं काय दिलं तुम्हाला?"

सगळ्या माझ्याकडे बघताहेत. देश आठवेना, प्रगती आठवेना.

"काही दिलं नाही," मी म्हटलं. "नाही झाला पंप तर मुलाची नोकरी लांब जाते. मुलगा जाईल, सून जाईल. नात जाईल." मला थांबायचं होतं, पण जीभ थांबेना. सवयच नाही तिला. "ती मला वाचायला शिकवते. आम्ही तिसरीच्या पुस्तकात आहोत. अर्धं राहिलंय."

असं मी आयुष्यात कधी कुणापुढे बोलले नव्हते. आणि बोलले ते कुणापुढे, तर हिच्यापुढे! कान तापले माझे. जमीन दुभंगायची असेल तर दुभंगू दे म्हटलं, पण ती फरशीची होती.

समोरची तशीच उभी होती. तिचा मुलगा बाहेर गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याची मुलं फोनवर असतात, हात हलवतात आणि पळून जातात.

"मग हे आधी सांगता येत नव्हतं?" ती माझ्यावर खेकसली. "आम्हाला वाटलं तुम्ही पैसे खाल्ले!" मग कारकुनाकडे वळली. "अहो साहेब, लिहून घ्या. आमची हरकत नाही. पण त्या नळीला पुरुषाचा हात लागता कामा नये. कुलूप बाई उघडेल, भरेल बाई, लावेल बाई."

कारकून म्हणाला, अशी अट आजवर कुणी घातलेली नाही. मग डोकं खाजवून म्हणाला, पण नियमात नाही असंही नाही.

"बघता काय गं? करा हात वर!" समोरची ओरडली. हात वर झाले. पंपाच्या मालकाचं हसू कुठे तरी पडलं होतं, ते तो शोधत राहिला.

टाकी पुरली गेली. नळी आली. आता नळीवर बसायला बाई कोण? समोरची! कंपनीची टोपी घालून, गळ्यात किल्ली अडकवून ती सकाळी पंपावर जायला लागली आणि मी दोन दिवस खिडकी उघडली नाही. ह्या बाईला पुन्हा मधोमध उभं राहायला मिळालं म्हणजे पाहा. पण शोरूममधल्या गाड्यांवरची कापडं निघाली. विमा एजंटानं गाडी घेतली, मास्तरांच्या जावयानं घेतली. आमच्या घरातली खोकी रद्दीवाल्याला गेली. आम्ही तिसरीचं पुस्तक संपवून चौथीचं आणलं.

आणि मग मुलगा एका संध्याकाळी हसत हसत घरी आला. असा हसत घरी आला की मला धस्स होतं.

"आई, बढती! कंपनी म्हणते, ज्यानं असल्या गल्लीत पंप काढला तो कुठेही काढेल. मला नवीन शहर दिलंय. तिथे एकही पंप नाही, मला सुरू करायचाय. तीन वर्षं मुदत दिलीय."

मी खुर्चीचा हात धरला. "शहर कुठे आहे?"

"गाडीनं अर्धा दिवस."

कचेरी मी चढले, धाड मी सोसली, समोरचीपुढे तोंड मी उघडलं, आणि पोरगं निघालं ते त्या पंपाच्याच पुण्याईवर! सुनेनं पाणी आणून दिलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि पुन्हा वर धरला नाही, यावरून समजा.

निघायच्या दिवशी गाडी पंपावर थांबली. मी तिथवर गेले. मागच्या सीटवर नात, मांडीवर चौथीचं पुस्तक, गाल फुगलेले. समोरचीनं टोपी सारखी केली, कुलूप उघडलं, नळी लावली.

"किती टाकू?"

"काठोकाठ भरा मावशी," मुलगा म्हणाला. "तिकडे काहीच मिळत नाही, आणि डबे न्यायची तर बंदी. तिथला पंप होईपर्यंत टाकी उतरली की भरायला इथेच यावं लागणार."

समोरचीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. नळीतून गाडी गटागटा पीत होती.

मी खिडकीशी वाकले. "काय रे, तिथल्या बायका कशा आहेत?"

"तेच तर अवघड आहे. एक मंडळ आहे म्हणे, दारूचं नाव काढू देत नाहीत. आधी त्यांची संमती मिळवायची."

"त्यांच्या म्होरकीचा फोन नंबर आहे का तुझ्याकडे?"

त्याचा चेहरा उजळला. "आई, तू बोलशील त्यांच्याशी?"

"बोलेन की."

समोरचीनं तोंड फिरवलं आणि नळी पुसायला घेतली. पुसून झालेली नळी पुन्हा पुसली.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. बाई चांगल्या निघाल्या, स्पष्ट बोलणाऱ्या, आमच्यातल्याच म्हणा ना. मी माझी सगळी ओळख दिली, गल्लीतलं दुकान कसं बंद पाडलं ते सांगितलं, मग म्हटलं, "माझा मुलगा तुमच्याकडे येईल. गुणी आहे, त्याला चहा द्या, सगळं नीट ऐकून घ्या आणि शेवटी हो म्हणा. पण बाई, घाईनं हात वर करू नका. कंपनीनं तीन वर्षं दिली आहेत. ती सगळी वापरा."